जात्याची घरघर आणि हातात मावणारे यंत्र

१/ मेहकर तालुक्यातील डोणगाव असो वा मुळशी खोऱ्यातील एखादी वाडी. विजेची गिरणी येण्यापूर्वी खेड्याची पहाट जात्याच्या घरघरीने उजाडत असे. त्या घरघरीवर स्त्रिया ओव्या गात. दळण गिरणीत जाऊ लागले आणि ओवीचे निमित्तच सरले.

२/ ओवी विरून जाण्यापूर्वी ती जतन व्हावी, म्हणून पुण्यातील संशोधक हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकात संकलन आरंभिले. सहकाऱ्यांसह त्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही त्यासोबत नोंदवले.

३/ मात्र वहीत केवळ शब्द उतरतात. कागदावर ओवी दोन ओळींची; गाताना बाई अर्धी ओळ पुन्हा घेते, मध्येच ‘गं बाई’ घालते, खुंट्याच्या फेऱ्याबरोबर सूर लांबवते. ही चाल लेखणीला सापडत नाही.

४/ ती टिपायची कशाने? स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१मध्ये ‘नाग्रा’ हे ध्वनिमुद्रण यंत्र घडवले. चित्रपटसृष्टीने ते आपलेसे केले; पण ते जड आणि महागडे होते. साधा कॅसेट रेकॉर्डर स्वस्त असला, तरी हळू आवाजावर त्याच्या फितीची खरखर चढत असे.

५/ १९८७मध्ये ‘डॅट’ ही अंकीय फीत बाजारात आली. कॅसेटहून लहान फीत, जवळजवळ खरखरविरहित मुद्रण आणि लवकरच पिशवीत मावतील अशी यंत्रे. १९९०च्या दशकात फ्रेंच संशोधक बर्नार्ड बेल या प्रकल्पात आले आणि ओव्यांचे ध्वनिमुद्रण डॅटवर होऊ लागले.

६/ तरीही घर म्हणजे स्टुडिओ नव्हे. जात्याची कंपने जमिनीतून मायक्रोफोनमध्ये शिरतात. म्हणून त्याखाली घडी घातलेली गोधडी हवी. आवाजाची पातळी यंत्रावर सोपवली, तर बाई श्वास घ्यायला थांबताच यंत्र मागची कोंबडी अन् पोरांचा गलका वर उचलते. म्हणून ती हातानेच राखावी लागते. सर्वांत मोठा उपाय मात्र साधा: मायक्रोफोन गाणारीच्या जवळ नेणे. अंतर निम्मे झाले की तिचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, गोंगाट तेवढाच राहतो. त्यासाठी आधी तिचा विश्वास मिळवावा लागतो.

७/ या श्रमांतून सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण उभे राहिले. पोथी-पुराणांना लेखनिक लाभले होते. सासर, माहेर, भाऊ, सीता आणि बाबासाहेब यांविषयी दळताना बोलणाऱ्या शेतमजूर बाईला प्रथमच स्वतःच्या आवाजासह दप्तर मिळाले.

८/ इतिहासाने इथेही एक वळण घेतले. २००५मध्ये सोनीने डॅट यंत्रांचे उत्पादन थांबवले. फीत शाबूत, पण ती वाजवणारे यंत्र दुर्मीळ! वेळीच संगणकावर उतरवल्यामुळेच हे सूर वाचले. आज ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यांतील अनेक ओव्या ऐकता येतात.

९/ म्हणजे जतन ही एकदाच उरकण्याची गोष्ट नव्हे. दर पिढीने नवे यंत्र घेऊन ती पुन्हा करावी लागते. आज रेकॉर्डर प्रत्येकाच्या खिशात आहे. जाते फिरवताना गायलेल्या आजीही काही घरांत अजून आहेत. त्यांच्याजवळ बसायला तेवढी सवड हवी.