नळगळती

नळगळती म्हणजे नळ पूर्ण बंद केल्यानंतरही त्याच्या तोंडातून, मुठीच्या बुडाशी किंवा भिंतीलगतच्या जोडातून पाणी झिरपत राहणे. न्हाणीघरातील नळ दिवसातून अनेकदा उघडबंद होत असल्याने तेथे हा दोष विशेष आढळतो. बहुतेक वेळा नळातील एखादा लहान, झिजणारा भाग त्यास कारणीभूत असतो आणि तेवढाच भाग बदलून गळती थांबवता येते.

पाणीपुरवठ्याशी संबंध

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही ठाणे जिल्ह्यातील, मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील शहरे आहेत. उल्हासनगरला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडून पाणी मिळते. बारवी धरण याच महामंडळाचे आहे. अंबरनाथ व बदलापूर येथे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणीपुरवठा करते. अनेक वसाहतींत पाणी ठरावीक वेळीच येते. ते इमारतीच्या तळटाकीत साठवून पंपाने गच्चीवरील टाकीत चढवले जाते. त्यामुळे पुरवठा काही तासांचा असला तरी गळती चोवीस तास चालू राहते आणि वाया जाणारे पाणी साठवलेल्या पाण्यातूनच जाते. ते वर चढवण्यासाठी लागलेली वीजही व्यर्थ जाते.

गळतीचे मोजमाप

एक थेंब सुमारे पाव मिलिलिटरचा धरल्यास, सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या नळातून दिवसाला सुमारे २१.६ लिटर आणि वर्षाला सुमारे ७,९०० लिटर पाणी वाया जाते. भारतात शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हा निकष सर्वसाधारणपणे वापरला जातो. त्या तुलनेत ही गळती एका व्यक्तीच्या दैनंदिन वाट्याच्या सुमारे एक षष्ठांश भरते. घरच्या घरी मोजण्यासाठी नळाखाली १५ मिनिटे भांडे ठेवून जमलेल्या पाण्यास ९६ने गुणतात. येणारी संख्या एका दिवसाची गळती दाखवते.

कारणे

पाणी कोठून येते यावरून दोषाचे स्थान ओळखता येते.

तोंडातून थेंब पडत असल्यास आतील झडप नीट बसत नाही. अनेक फेऱ्यांत बंद होणाऱ्या जुन्या पद्धतीच्या नळात दांड्याच्या टोकाचे रबरी वॉशर पितळी बैठकीवर दाबले जाऊन प्रवाह अडतो. या रचनेचे एकस्व इंग्लंडमधील रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स यांनी १८४५ मध्ये घेतले होते. वॉशर कडक झाले, चिरले किंवा बैठकीवर खाच पडली की फट राहते. पाव किंवा अर्ध्या फेरीत बंद होणाऱ्या नळात वॉशरऐवजी एकमेकींवर सरकणाऱ्या सिरॅमिक चकत्या असतात. टाकीतील वाळूचे कण वा क्षार अडकल्याने त्यांवर ओरखडे पडतात.

मुठीच्या बुडाशी पाणी येत असल्यास दांड्याभोवतीचे रबरी कडे किंवा ग्लँडमधील भरण झिजलेले असते. भिंतीलगत पाणी येत असल्यास आट्यांवरील टेफ्लॉन पट्टी सैल झालेली असते.

दुरुस्ती

दुरुस्तीपूर्वी त्या नळाचा अँगल कॉक अथवा टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडतात व उरलेले पाणी काढून टाकतात. सुटे भाग वाहून जाऊ नयेत म्हणून मोरीच्या जाळीवर कापड टाकतात. मुठीवरील टोपी व स्क्रू काढून पान्याने आतील स्पिंडल सोडवले जाते. पान्याच्या जबड्यात कापड धरल्यास नळाचा मुलामा खरवडत नाही.

जुन्या नळात त्याच मापाचे नवे वॉशर बसवतात आणि बोट फिरवून बैठक गुळगुळीत असल्याची खात्री करतात. खाच जाणवल्यास बैठक घासून घ्यावी लागते किंवा नळ बदलावा लागतो. चकत्यांच्या नळात संपूर्ण स्पिंडल बदलणे सोयीचे ठरते. आट्यांची संख्या व लांबी कंपनीनुसार बदलत असल्याने जुना भाग दुकानात नमुना म्हणून नेतात. गरम-थंड पाण्याच्या मिक्सरमध्ये, मग तो बादलीसाठी असो वा बाथटबसाठी, दोन्ही बाजूंचे पुरवठे आळीपाळीने बंद करून सदोष बाजू शोधतात. गरम बाजू गळत असल्यास पाण्याबरोबर गीझरची वीजही वाया जाते.

थेंब थांबवण्यासाठी मूठ अधिकाधिक जोराने आवळणे हा उपाय नव्हे. त्याने वॉशर लवकर फाटते व बैठकीस इजा होते. भिंतीच्या आतील पाइप गळत असल्यास किंवा आटे गंजून अडकले असल्यास काम जाणकार प्लंबरकडे सोपवावे लागते.

सामाजिक उपक्रम

लेखक व व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी २००७ मध्ये ठाणे जिल्ह्यातीलच मीरा रोड येथे 'ड्रॉप डेड फाउंडेशन' सुरू केले. बालपणी मुंबईच्या डोंगरी भागात त्यांनी पाणीटंचाई अनुभवली होती. एवढ्याशा कामासाठी प्लंबर येत नाही, ही अडचण ओळखून ते रविवारी प्लंबर व स्वयंसेवकासह घरोघरी जात आणि गळके नळ विनामूल्य दुरुस्त करून देत. पहिल्या वर्षातच त्यांनी दीड हजारांहून अधिक घरांना भेटी देऊन सुमारे ४०० नळ दुरुस्त केले.