ख्रिस्ती मंडळीजीवन, धुळे परिसरातील
धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील (1998 पर्यंतचा एकत्र धुळे जिल्हा, त्यापूर्वीचा पश्चिम खानदेश) ख्रिस्ती समाजाची श्रद्धा, कुटुंब आणि उपासना यांची घडण. येथील मंडळ्या बहुतांशी प्रोटेस्टंट. त्यांच्या पायाभरणीत स्कँडिनेव्हियन वंशाच्या मिशनऱ्यांचा मोठा वाटा आहे. या मिशनरी चळवळीचे प्रेरक फ्रेडरिक फ्रॅन्सन (1852–1908) यांनी 1890 मध्ये अमेरिकेत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन स्थापन केले. नवापूर भागात मावची, भिल्ल अशा आदिवासी समाजांत ही श्रद्धा रुजली. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय हे तिच्या सेवाभावाचे ठळक रूप.

रविवारची उपासना हा आठवड्याचा कणा असला, तरी या श्रद्धेचा खरा कस घरात लागतो. संध्याकाळी घरातली माणसे एकत्र बसतात, शास्त्रपाठ वाचतात, गीत गातात. आजारी शेजाऱ्याचे, परगावी कामाला गेलेल्या मुलाचे नाव घेऊन प्रार्थना करतात. नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्तभक्तीला अभंग, भजन आणि कीर्तनाचा सूर दिला. मराठी मंडळ्यांवर हे फार मोठे ऋण आहे, कारण त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या आजीलाही उपासनेत पूर्ण वाटा मिळाला. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर 1924 मध्ये पूर्ण छापले गेले.

बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी यांत पाळकाबरोबर सारी मंडळी उभी राहते. नाताळाइतकेच महत्त्व उत्तम शुक्रवारला असून त्या दिवशी वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होते.