पिंजऱ्यातील जमीन

कैनाडकडे शेळ्या राखणाऱ्या माणसाला जंत म्हणजे काय हे व्याख्यान देऊन सांगावयास नको. पावसाळ्यात एकाच ओल्या कुरणावर कळप फार दिवस चरला की शेळ्या खंगतात, हे तो जाणतो. प्राणिसंग्रहालयांचा इतिहास पाहू जाता, हीच गोष्ट मोठमोठ्या नगरांना फार उशिरा उमगली असे आम्हांस दिसते.

रानातला वाघ काही कृमिमुक्त नसतो. परंतु त्याच्या आतड्यातील गोलकृमींची अंडी विष्ठेवाटे जेथे पडतात तेथे तो मुक्काम करीत नाही. पिंजऱ्यातल्या वाघाला पुढे जावयास जागाच नाही. ती अंडी मातीत काही दिवसांत पिकतात, महिनोन्‌महिने तग धरतात आणि अंग चाटता चाटता त्याच्याच पोटात परत जातात. पाहुणा होता, तो सावकार होऊन बसतो!

मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये लोकांस खुली झाली. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे. कलकत्त्यास अलीपूर संग्रहालयाचे रामब्रह्म सन्याल यांनी १८९२ मध्ये बंदिवासातील प्राण्यांच्या व्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. त्या काळी औषधे मात्र थोडीच होती. आपल्याकडचे वावडिंग, पळसाच्या बिया, किरमाणी ओवा ही मंडळी माणसांच्या जंतांवर नांदत होती. पायपेराझीन आले ते १९५० नंतर, थायाबेंडाझोल १९६१ मध्ये, आयव्हरमेक्टिन १९८१ मध्ये. पण औषध पोटातला कृमी मारते. जमिनीतल्या अंड्याला त्याचे काय?

म्हणून सिमेंटची फरशी आली. रोज धुता येते, सुकते, अंड्यांना थारा मिळत नाही. जनावराचे पोट सुधारले. मात्र त्याच्या येरझाऱ्या थांबल्या नाहीत. उलट, कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हाम्बुर्गजवळ गज काढून खंदकांआड मोकळी आवारे केली, तेव्हा प्राण्यांना माती परत मिळाली आणि मातीबरोबर कृमीही. आमचे मत विचाराल तर आम्ही मातीच्याच बाजूचे. मात्र ही बाजू घेणाऱ्याने खर्चाचा हिशेब आधी मांडावा. आवारे आलटून पालटून रिकामी ठेवावी लागतात, वरची माती काढून नवी घालावी लागते, विष्ठा वेळोवेळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. नवा प्राणी आधी काही दिवस वेगळा ठेवावा लागतो.

पुण्याच्या पेशवे उद्यानातले, १९५३ पासूनचे प्राणिसंग्रहालय पुढे कात्रजच्या विस्तीर्ण जागेत गेले. तेथे वाघाला माती आहे, झाडे आहेत. आणि सकाळी आवार झाडणाऱ्या सेवकाची नजर डॉक्टरांच्या आधी त्या मातीवर पडते.