डोके आपटणारे मूल काय मागत होते?

१९६५ साली अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकाने लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात स्वमग्न मुलांवर चाललेल्या उपचारांची छायाचित्रे छापली. शीर्षकात किंकाळ्या, थपडा आणि प्रेम असे तिन्ही शब्द होते. मानसशास्त्रज्ञ इवार लोवास चांगल्या वर्तनाला खाऊ देत. वाईट वर्तनाला थप्पड, प्रसंगी विजेचा धक्का. आज ते वाचताना अंगावर काटा येतो.

तरीही या कथेतील पहिला महत्त्वाचा धागा त्याच प्रयोगशाळेत सापडतो. स्वतःला इजा करणाऱ्या एका मुलीला मायेने समजावले, की तिचे मारून घेणे उलट वाढे, असे लोवास यांच्या गटाने त्याच वर्षी नोंदवले.

हे कोडे ‘प्रबलन’ या संकल्पनेने उलगडते. ज्या परिणामामुळे एखादे वर्तन बळावते, ते त्याचे प्रबलन. तो परिणाम कोणी हेतुपूर्वक घडवावा, अशी अट नाही. तिला सावरणारे शब्दच तिच्या आघातांना खतपाणी घालत होते.

१९८२ साली बाल्टिमोरमध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी अशा ९ जणांना निरनिराळ्या परिस्थितींत निरखले: अवघड अभ्यास, इजेनंतर मिळणारे लक्ष, एकटेपणा, मोकळा खेळ. ६ जणांत इजा विशिष्ट परिस्थितीतच ठळकपणे वाढली. म्हणजे अभ्यास टाळण्यासाठी डोके आपटणाऱ्या मुलाला ‘शिक्षा’ म्हणून वर्गाबाहेर काढणे, हे त्याला बक्षीसच!

माझ्या मते खरा कलाटणीचा क्षण १९८५ चा. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी ४ मुलांना बोलायला शिकवले. काम अवघड वाटणाऱ्याने ‘समजत नाही’ असे सांगायचे, की मदत मिळे. लक्ष हवे असणाऱ्याने काम नीट होते आहे का, असे विचारायचे, की शाबासकी मिळे. मारणे, आक्रस्ताळेपणा, स्वतःला इजा करणे झपाट्याने घटले. त्यांनी मुद्दाम उलटेही करून पाहिले. गरजेशी न जुळणारे वाक्य शिकवले, तेव्हा वर्तन सुधारले नाही. केवळ बोलता येणे पुरेसे नव्हते. हवे तेच मागता यायला हवे होते.

मॅसॅच्युसेट्समधील एका संस्थेत विजेचे धक्के मात्र पुढेही कित्येक वर्षे चालूच राहिले. २०२० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यावर घातलेली बंदी न्यायालयाने पुढच्याच वर्षी रद्द केली.