मैत्रीचा वारसा आणि दारातली मुकी जनावरे

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत धम्म, चळवळ आणि शिक्षण या विषयांवर जाणकार मंडळी लिहितीलच. मी मात्र जरा वेगळा विषय घेतला आहे. बुद्धपौर्णिमेचे भोजनदान आटोपले, पत्रावळी उचलल्या, की विहाराच्या मागे चार-सहा कुत्री अन् एखादे मांजर येऊन उभे राहते. त्यांचा हा विषय आहे. कुणी म्हणेल, "कुत्र्या-मांजरायचा काय इतिहास लिहिता राजेहो? आधी माणसायचं पाहा." हा प्रश्न चुकीचा नाही. उलट तो विचारण्याचा जेवढा हक्क आपल्या समाजाला आहे, तेवढा दुसऱ्या कुणाला नाही. म्हणूनच त्याचे उत्तर इतिहासात शोधले पाहिजे.

माणसाला बंदी, कुत्र्याला मुभा

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पण कागद कागदावरच राहिला. चवदार तळ्यावर गुरेढोरे, कुत्री-मांजरे पाणी पीत होती. त्यांना कुणी हटकत नव्हते. बंदी होती ती फक्त आपल्या माणसांना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. पुढे कोर्टकचेरी झाली आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात आपला हक्क कायम झाला. नुसत्या पाण्याच्या घोटासाठी दहा वर्षे!

१४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात बाबासाहेब आणि गांधीजी यांची भेट झाली. ज्या देशात आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षाही हीन वागणूक मिळते, त्या देशाला आम्ही आपला कसा म्हणावे, अशा अर्थाचा सवाल बाबासाहेबांनी तिथे केला. आपल्या आज्या-पणज्यांनी सांगितलेल्या गोष्टी याहून वेगळ्या नाहीत. वाड्याच्या ओट्यावर कुत्रे लोळायचे अन् माणूस खाली उन्हात उभा राहून जोहार घालायचा.

पण इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कुत्र्याला तळ्यावरून हाकला, अशी मागणी बाबासाहेबांनी केली नाही. त्यांनी माणसाला माणसाचा हक्क मागितला. आपला झगडा कुत्र्याशी कधीच नव्हता. कुत्र्याने कधी आपला विटाळ मानला नाही. त्याने पाटलाच्या वाड्यातली भाकर खाल्ली तशी आपल्या वस्तीतलीही खाल्ली, आणि रात्री राखण केली ती दोन्ही दारांची.

कुक्कुर जातक : न्यायाची गोष्ट

पाली साहित्यातील जातककथांमध्ये बावीसावी कथा कुक्कुर जातक या नावाने ओळखली जाते. कुक्कुर म्हणजे कुत्रा. या कथेत बोधिसत्त्व स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा पुढारी आहे. वाराणसीच्या राजाचा रथ रात्रभर अंगणात राहतो, पावसाने त्याच्या वाद्या भिजतात आणि राजवाड्यातील जातिवंत कुत्री त्या कातडी वाद्या खाऊन टाकतात. नोकर राजाला सांगतात की, बाहेरची कुत्री मोरीतून शिरली आणि त्यांनी हे केले. राजा रागाच्या भरात हुकूम सोडतो की, दिसेल ते कुत्रे मारा.

मग गावातली कुत्री पटापट मरू लागतात. बोधिसत्त्व विचार करतो की, वाड्याला पहारा आहे, बाहेरचे कुत्रे आत जाऊच शकत नाही, म्हणजे गुन्हेगार आतलेच असले पाहिजेत. तो एकटा राजसभेत जातो आणि राजाला विचारतो, "सगळी कुत्री मारण्याचा हुकूम आहे काय?" राजा म्हणतो, "सगळी, पण वाड्यातली सोडून." त्यावर बोधिसत्त्व म्हणतो की, मग हा न्याय झाला नाही, हे तर दुबळ्यांना मारणे झाले. तो वाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ कालवून पाजायला लावतो. त्यांना उलटी होते आणि कातड्याचे तुकडे बाहेर पडतात. राजा वरमतो आणि सर्व प्राण्यांना अभय देतो.

ही गोष्ट मुलांच्या करमणुकीची नाही. गुन्हा एकाचा आणि शिक्षा सगळ्या जातीला, तीही जो दुबळा अन् बिनओळखीचा त्याला! हा अनुभव आपल्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. म्हणून ही कथा आपल्या घराघरात सांगितली गेली पाहिजे.

अशोकाचे शिलालेख आणि आपला मुलूख

सम्राट अशोकाने मैत्रीला राज्यकारभाराचे रूप दिले. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात दोन प्रकारच्या औषधोपचारांची व्यवस्था सांगितली आहे, एक माणसांसाठी आणि दुसरी जनावरांसाठी. औषधी वनस्पती लावल्या, विहिरी खोदल्या, रस्त्याच्या कडेला झाडे लावली, आणि हे सर्व माणसे व जनावरे या दोघांच्या उपयोगासाठी, असे तो सांगतो. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात मारू नयेत अशा प्राण्यांची लांबलचक यादी आहे. त्या यादीच्या ओघात एक फार मोलाची गोष्ट येते. जी उपयोगाचीही नाहीत आणि खाल्लीही जात नाहीत, अशी सर्व चार पायांची जनावरेसुद्धा अवध्य ठरवली आहेत. दूध देणाऱ्या गाईला वा ओझे ओढणाऱ्या बैलाला कुणीही जपतो. ज्याचा काही उपयोग नाही, त्यालाही जगण्याचा हक्क आहे, हे मान्य करणे म्हणजे मैत्री. आजचे बेवारस कुत्रे-मांजर याच गणतीत बसते.

महाराष्ट्रात सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, अशोकाने त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली, हा त्या लेखाचा विषय. चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक येथेही अशोककाळातला मानला जाणारा एक लेख आहे. त्यात प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई आहे. आणि आपला बुलडाणा जिल्हा तरी यापासून दूर कुठे होता? संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी २००२ नंतर उत्खनन केले आणि तिथे प्राचीन स्तूपाचे अवशेष उघडे झाले. संशोधक या वसाहतीची सुरुवात मौर्यकाळापर्यंत मागे नेतात. ही जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते, म्हणून धम्मबांधवांनी आवाजही उठवला. तात्पर्य, ज्या धम्माने मुक्या जनावरांचा विचार केला, तो या मातीत दोन हजार वर्षांपूर्वीच येऊन पोहोचला होता.

मुंबईचा दंगा आणि पांजरपोळ

आता इंग्रजी अमदानीकडे येऊ. मुंबईत उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा कंपनी सरकारचा हुकूम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने लोक घरातली, दारातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. जून १८३२ मध्ये पारशी लोक रस्त्यावर उतरले, दुसऱ्या समाजाचे लोकही सामील झाले, बाजार बंद पडला. इतिहासात हा कुत्र्यांचा दंगा म्हणून नोंदला गेला. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ सुरू झाली. आज पांजरपोळ म्हटले की गाई आठवतात, पण तिच्या जन्मामागे कुत्र्यांचा प्रश्न होता. पुढे १८७४ साली प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. १८८०च्या दशकात परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. लोक त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात.

ही कामे चांगलीच होती. पण हिशेब पुरता मांडला पाहिजे. १८३४ साली मुंबईत जनावरांना निवारा मिळाला आणि त्यानंतर ९३ वर्षांनीही महाडला माणसाला पाणी मिळत नव्हते. याचा अर्थ निवारा काढणारे चुकले असा नाही. प्राण्यावर दया करणे सोपे असते, कारण प्राणी बरोबरीचा हक्क मागत नाही. माणसाला समता न देता केलेली भूतदया लंगडी असते. पण समता मिळवल्यावर आपणच भूतदया सोडून दिली, तर तीही लंगडीच.

करुणा आणि मैत्री

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा विषय स्वच्छ केला आहे. करुणा म्हणजे माणसांवरचे प्रेम. बुद्ध तिथे थांबले नाहीत, त्यांनी पुढे जाऊन मैत्री शिकवली. मैत्री म्हणजे सर्व सजीवांवरचे प्रेम. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही प्राणिमात्रांवर दया करून त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपण दरवर्षी म्हणतो. म्हटलेले आचरणात किती आले, हे ज्याने त्याने पाहावे.

अहिंसेविषयीही बाबासाहेबांचे म्हणणे आंधळे नव्हते. गरज म्हणून मारणे आणि मारण्याची इच्छा म्हणून मारणे यांत त्यांनी फरक केला. हा फरक कुत्र्यांच्या प्रश्नात फार कामाचा आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रेबीज एकदा अंगात उमटला की माणूस जवळजवळ वाचतच नाही. अन् कुत्रे चावते कुणाला? गाडीत बसणाऱ्याला नाही. पहाटे कामाला निघालेल्या बाईला, उघड्यावर खेळणाऱ्या पोराला. म्हणजे हा प्रश्न आपल्याच वस्त्यांचा आहे. "मारून टाका" हे उत्तर सोपे वाटते, पण एका गल्लीतली कुत्री संपली की दुसरी येतात आणि पुन्हा पिल्ले होतात. मुंबईत दीडशे वर्षांहून अधिक काळ कुत्री मारली गेली, म्हणून ती संपली नाहीत.

म्हणून कायद्याने दुसरा मार्ग धरला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. २००१ च्या नियमांनी कुत्री पकडून नसबंदी करणे, रेबीजची लस टोचणे आणि पुन्हा त्याच जागी सोडणे ही पद्धत आली. २०२३ मध्ये नवे नियम आले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वे स्टेशने अशा ठिकाणची कुत्री नसबंदी व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले. आदेश निघाला, पण निवारा नुसत्या पत्र्याच्या शेडने चालत नाही. त्याला माणसांचे हात लागतात. इथेच स्वयंसेवकाचा प्रश्न येतो.

आपण काय करू शकतो?

स्वयंसेवक हा शब्द आपल्याला नवा नाही. समता सैनिक दलाची परंपरा आपल्या घरात आहे. स्वतः तथागतांनी आजारी पडलेल्या, कुणी न विचारणाऱ्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने आपल्या हाताने धुतले होते. सेवा ही अशी हाताने करायची असते.

जिथे निवारा असेल तिथे आपल्या तरुण-तरुणींनी आठवड्यातून दोन तास द्यावेत. पिंजरे धुणे, पाण्याची भांडी घासणे, खाऊ घालणे, औषधाची वही ठेवणे, घाबरलेल्या जनावराजवळ शांत बसणे, ही तिथली कामे. मांजरांना कुत्र्यांपासून वेगळे अन् आडोशाला ठेवावे. नवीन आलेले जनावर काही दिवस वेगळे ठेवावे, म्हणजे रोग पसरत नाही. पिल्लू दोन महिन्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. अशा कामाला जाणाऱ्याने डॉक्टरांना विचारून रेबीजची लस आधीच घ्यावी. लहान मुलांना एकटे पाठवू नये.

जिथे निवारा नाही, तिथेही काम आहे. आपल्या जिल्ह्यात १३ तालुके आहेत. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, ज्याला आपण ढोरायचा दवाखाना म्हणतो. विहाराच्या मंडळाने तिथल्या डॉक्टरांना भेटावे आणि नगरपालिकेला वा ग्रामपंचायतीला नसबंदी व लसीकरणासाठी लेखी अर्ज द्यावा. एखाद्या भागातील दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली, तर रेबीजची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते. भोजनदानानंतरचे उरलेले अन्न रस्त्यात फेकू नये, एका ठरलेल्या जागी, मुलांच्या वाटेपासून दूर ठेवावे. उन्हाळ्यात आपल्याकडचे ऊन काय असते हे सांगायला नको. एक मातीचे पसरट भांडे पाण्याने भरून सावलीत ठेवायला काही खर्च येत नाही.

आणि कुत्रे चावलेच तर मिरची, चुना, हळद लावू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा अन् थेट सरकारी दवाखाना गाठा. डॉक्टर सांगतील त्या तारखांना सगळी इंजेक्शने घ्या, एकही चुकवू नका. संविधानातील मूलभूत कर्तव्ये १९७६ च्या घटनादुरुस्तीने आली. त्यांत सजीवांविषयी दयाबुद्धी आणि वैज्ञानिक दृष्टी ही कर्तव्ये एकामागोमाग आहेत. मैत्री आणि विज्ञान यांचे असे जवळचे नाते आहे.

धम्मबंधू-भगिनींनो, ज्यांना एके काळी कुत्र्याहून खाली लेखले गेले, त्यांच्या पोरांनी आज कुत्र्याला पाणी पाजावे, यात कमीपणा नाही. चवदार तळ्यावर आपण जो हक्क मिळवला, तो दुसऱ्याला हाकलून नव्हे, तर सगळ्यांच्या बरोबरीने पाणी पिऊन. तहान काय असते हे आपल्या समाजाला माहीत आहे. ज्याला ती माहीत आहे, त्याने भांडे भरून ठेवावे.

जय भीम! नमो बुद्धाय!