आधी पकड, मग डाख

बेंगळुरूच्या पोस्टिंगमधून लिहिताना बाग, किल्ला, कॅन्टोन्मेंट हे विषय आपोआप येतात. आजचा विषय तांदळाच्या दाण्याएवढा आहे : रेडिओ संचाच्या आत भागाचा पाय टर्मिनलला जोडणारा सोल्डरचा थेंब. आपल्याकडे लष्करी संच बनवण्याच्या इतिहासाचं एक मोठं पान याच शहरात लिहिलं गेलं, म्हणून हा लेख.

१९५४ साली जालहळ्ळीला भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे आपली बीईएल, स्थापन झाली. फ्रान्सच्या सीएसएफ कंपनीचं तांत्रिक साहाय्य होतं. १९५६ मध्ये संपर्क उपकरणांचं उत्पादन सुरू झालं. तो जमाना व्हॉल्व्हचा. संचाच्या पोटात टर्मिनलांच्या पट्ट्या असायच्या आणि रेझिस्टर, कपॅसिटर यांचे पाय हाताने त्यांना जोडले जायचे.

या कामाचा जुना नियम आहे : आधी पकड, मग डाख. पाय टर्मिनलभोवती अर्धा ते पाऊण वळसा घेऊन पक्कडीने दाबायचा. सोल्डर न लावताही तो जागचा हलता कामा नये. मग आयर्नने टर्मिनल आणि पाय दोन्ही तापवायचे आणि सोल्डर आयर्नच्या टोकाला न लावता त्या तापलेल्या धातूला लावायचं. ६३ भाग कथिल आणि ३७ भाग शिसं हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. गोठताना तार हलली, तर वरून जोडलेला दिसणारा सांधा आतून कच्चा राहतो. पायाला थोडी सैल कमानही ठेवायची, म्हणजे ट्रकचे हादरे सांध्यावर येत नाहीत.

मग दोन-तीन वळसे का घेत नाहीत? जास्त पक्कं होईल की! होईल, पण उघडणार कसं? भाग जळाला, तर तो सोडवताना टर्मिनलच उखडून येईल. चांगला सांधा धक्क्याने सुटत नाही आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताला मात्र सुटतो. सोल्डरिंगच्या इतिहासात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच प्रश्न : हे पुढे कोण उघडणार आहे?

१९६२ च्या युद्धानंतर, १९६३ मध्ये होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली गेली. बीईएलमध्ये १९६२ पासून जर्मेनियमचे अर्धवाहक भाग बनू लागले होते. १९६८ मध्ये प्रिंटेड सर्किट बोर्डांचा विभाग आला. इथे नियम बदलला. पाय भोकातून जातो, वळसा उरत नाही. भोकाच्या आतल्या भिंतीला तांब्याचा मुलामा असेल, तर सोल्डर त्यावरून वर चढतं आणि तीच पकड होते. बोर्डावरचा तांब्याचा थर मात्र केसाहून पातळ. आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं, की थर सुटलाच.

जालहळ्ळीजवळच्या पीण्यातल्या शेडमध्ये आर्यभट्ट उपग्रह तयार झाला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत रॉकेटवरून गेला. चार दिवसांनी वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे त्यावरचे प्रयोग थांबले. जमिनीवरचा संच असता, तर कुणीतरी झाकण काढून पाहिलं असतं. तिथे उघडणारा कोणीच नव्हता.

आज भाग बोर्डाच्या पृष्ठावरच बसतात. वळसा नाही, भोकही नाही. सगळा भार सोल्डरवर. संच हलके झाले, भरवशाचेही झाले. पण बिघाड झाला की अख्खं कार्ड बदलायचं. रस्ता उघडा असेल तर ही पद्धत उत्तम. खिंड बर्फाने बंद झाली, की नवं कार्ड येईपर्यंत संच मुका.

म्हणून फील्ड वर्कशॉपमधलं आयर्न आणि भिंग कपाटात जाऊ नये, असं माझं मत आहे. नव्या मुलांना कार्ड बदलायला एका दिवसात शिकवता येतं. सांधा ओळखायला महिने लागतात, आणि ते महिने शांततेच्या काळातच मिळतात.