पतंगी कागदाच्या खिडक्या

१९७३ साली ईस्टर २२ एप्रिलला आला होता. तारीख पक्की ध्यानात राहिली, कारण त्या सकाळी आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदा रंगीत उजेड पडला. आणि तो पडला दुष्काळात.

आमचं गाव राहुरी तालुक्यातलं. ७२ चा पाऊस आलाच नाही. विहिरींचे तळ उघडे पडले, बैल निम्म्या किमतीत बाजार दाखवून आले. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. घरात लाल मिलोच्या भाकरी, कामावर सुकडी. मी तेव्हा आठवीत होतो.

चर्च म्हणजे दगडी भिंतींची बैठी इमारत. आठवडाभर तिथं शाळा भरायची, रविवारी उपासना व्हायची. व्यासपीठाच्या मागं पूर्वेच्या भिंतीत तीन उंच खिडक्या होत्या. तावदानं कधीच फुटली होती आणि तिथं बारदान ठोकलं होतं. ईस्टरची उपासना पहाटेची. उगवतीकडं तोंड करून बसायचं आणि बघायचं काय, तर बारदान!

तसं आमच्या मंडळीला सजावटीचं वावडंच होतं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले. ते साध्या उपासनेच्या पंथाचे. चर्चमध्ये चित्र नको, मूर्ती नको, चुन्याच्या पांढऱ्या भिंती आणि पुढं बायबल, एवढंच त्यांना पुरायचं. आमच्या पणजोबांच्या पिढीनं शेंदराचे दगड मागं टाकलेले, त्यामुळं त्यांनाही ते पटलं. पुढं नारायण वामन टिळकांनी अभंग-भजनं दिली. टाळ-मृदंग चर्चमध्ये आले. कानाला आपलं काहीतरी मिळालं, पण डोळ्याला मात्र चुन्याची भिंतच राहिली.

त्या वर्षी पाळकसाहेबांनी पंचांच्या बैठकीत विषय काढला. मुंबईला कुलाब्याचं अफगाण चर्च त्यांनी पाहिलं होतं. तिथल्या रंगीत काचांचं वर्णन करून म्हणाले, "काच आपल्याला झेपायची नाही. कागदाच्या करू."

एक म्हातारे पंच लगेच उठले. "पाळकसाहेब, आज कागदावर चित्र लावाल, उद्या त्याला हार घालाल. आमच्या बापजाद्यांनी हे सोडलं ते काय परत आणायला?"

त्यांना कुणी हसलं नाही. बोलण्यात तथ्य होतं. शेवटी ठरलं की माणसाचा चेहरा कुठंच काढायचा नाही. मधल्या खिडकीत क्रूस, एका बाजूला उगवता सूर्य आणि दुसऱ्या बाजूला ज्वारीचं कणीस. दाणा मातीत पडून मेल्याशिवाय पीक येत नाही, हा प्रभूचा दाखला आम्हाला पाठ होता. त्या साली कणीस फक्त कागदावरच दिसणार होतं, हा भाग निराळा.

कागदाचं काम गावात एकाच माणसाला चांगलं यायचं. मोहरमचा ताबूत करणारे चाचा. फेब्रुवारीत मोहरम होऊन गेला होता, उरलेले पतंगी कागदाचे ताव त्यांच्या पेटीत होते. पाळकसाहेबांनी मला पाठवलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चेहरे काढायचेत का? मला जमत नाहीत. आमच्या कामात नसतात."

"आमच्याही नाहीत, चाचा."

"मग झालं की," म्हणत त्यांनी पेटी उघडली.

पहिल्याच संध्याकाळी काम अडलं ते खळीपाशी. कागद चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ लागते. मी घरी मूठभर पीठ मागितलं. आजीनं डबा मांडीखाली घेतला. "लेकरांच्या तोंडात घालायला नाही आणि कागदाला चारतोस व्हय रे? देवाला हे आवडंल?"

मी तसाच परत गेलो. चाचांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आजी बरोबर बोलती. बाभळीला जा." दुष्काळात सगळं वाळलं होतं, पण ओढ्याकाठच्या बाभळींना डिंक होता. आम्ही पोरांनी दोन दिवस डिंक वेचला, फडक्यात बांधून पाण्यात भिजवला. पिण्याच्या हंड्यातलं तांब्याभर पाणी त्यात गेलं. आजीनं ते पाहिलं, पण बोलली नाही.

चौकटीला बांबूच्या कामट्या. खऱ्या काचेच्या खिडकीत रंगीत तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडतात, म्हणून चित्रभर काळ्या रेघा दिसतात. आमच्या रेघा जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याच्या. घासलेटच्या चिमणीची काजळी डिंकात कालवून त्या काळ्या केल्या. आधी पुठ्ठ्याची जाळी कापायची, मग मागून एकेका भोकावर रंगीत कागद. पांढऱ्या जागी वहीचा कागद लावला. त्यावर चाचांनी सुताराकडचं जवसाचं तेल बोळ्यानं पुसलं. वाळल्यावर कागदातून उजेड आरपार यायला लागला. मला ती जादू वाटली. पुढं वाचनात आलं की युरोपातले गरीब लोकही काच परवडत नव्हती तेव्हा खिडकीला तेल लावलेला कागद किंवा कापड लावायचे. सगळा मिळून खर्च आला पावणेचार रुपये. माझ्या आईची दीड-दोन दिवसांची मजुरी.

ईस्टरच्या पहाटे अंधारातच मंडळी जमली. खिडक्या काळ्या दिसत होत्या. मागून पेट्रोमॅक्स लावायचा विचार होता, पण घासलेट नव्हतं. दुसऱ्या गीताच्या सुमारास दिवस वर आला. आधी मधला क्रूस लाल झाला, मग कणसाचा हिरवा-पिवळा उजेड सरकत बायकांच्या बाजूला आला. खडी फोडून भेगाळलेल्या हातांवर, ठिगळांच्या लुगड्यांवर रंग पडले. आजी स्वतःचा तळहात उलटासुलटा करून बघत होती. म्हातारे पंच शेवटपर्यंत खाली मान घालून बसले. जाताना एवढंच म्हणाले, "चेहरा नाही ते बरं केलं." चाचा बाहेर दारापाशी उभे होते. पाळकसाहेबांनी त्यांना आत बोलावून पहिल्या सतरंजीवर बसवलं.

पुढं नोकरीनं मुंबईला गेलो, तेव्हा अफगाण चर्च बघून आलो. १८५८ पासूनचं चर्च, इंग्लंडात विल्यम वेल्सच्या कारखान्यात घडवलेल्या काचा. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा. असा रंग काच वितळवतानाच तिच्यात मिसळतात, म्हणून दीडशे वर्षं ऊन खाऊनही तो विटत नाही. खरंच देखण्या आहेत. मी बराच वेळ बसलो.

आमचे रंग दीड महिन्यात विटले. लाल गुलाबी झाला, हिरवा राखेसारखा. पण जूनमध्ये पाऊस आला. पूर्वेकडून सपकारा बसला आणि डिंक विरघळून कागद भिंतीवरून ओघळले. शाळेतली आम्ही पोरं ओरडत चाचांना सांगायला पळालो. चाचा ओसरीवर पागोळ्यांखाली घमेली मांडत होते.

"फाटल्या?" ते हसत म्हणाले. "फाटू दे. पाऊस आलाय ना."